घरी जोडलेली सायकल

अकोल्याला जठारपेठेतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर वडिलांची बावीस इंची सायकल कित्येक वर्षे पडून होती. दिवाळीच्या सुटीत नववीतल्या पुतण्याने ती खाली उतरवली आणि दुकानात न देता घरीच जोडण्याचा हट्ट धरला. दोन पाने, पक्कड, हातोडी, पेचकस आणि ग्रीसचा डबा घेऊन आम्ही अंगणात बसलो. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यांनी टायरांना भेगा पाडल्या होत्या. टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरे तेवढी नवी आणली.

छर्रे डिझेलमध्ये धुऊन ग्रीसमध्ये बसवले. कोन अधिक आवळला तर चाक जड फिरते, सैल राहिला तर डुगडुगते. तो नेमका मध्य सापडेपर्यंत दुपार झाली. डावे पायडल काही केल्या बसेना. अखेर शेजारचे आजोबा ओट्यावरून म्हणाले, ‘‘डाक्टर, डाव्या पायडलचे आटे उलटे रायतात ना!’’ हाडांची नावे पाठ असलेल्या माणसाला हे ठाऊक नसावे, याचे त्यांना मोठे नवल वाटले.

सीटची उंची मात्र माझ्या अखत्यारीतील. १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात आहे, त्या अमरावतीत व्यायामाची महती मला सांगावी लागत नाही; पण सायकल सुरू केल्यावर गुडघ्याची वाटी दुखू लागली म्हणून येणारे रुग्ण माझ्याकडे असतात. बहुतेकांची सीट फार खाली असते. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो.

संध्याकाळी पुतण्या सहज म्हणाला, ‘‘सुटी संपली की छोटीला कॅरिअरवर बसवून शाळेत नेतो.’’ माझा हात थांबला. चाकाच्या तारांत सापडलेल्या टाचा मी अनेक पाहिल्या आहेत. पहिल्या दिवशी जखम लहान दिसते; पण कातडी आतून चिरडलेली असते आणि चार-सहा दिवसांनी काळी पडते. कधी हाडही मोडलेले असते. पाय अडकल्यास हिसडा देऊ नये, पक्कडीने तारा कापाव्यात. जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, धुतलेल्या कापडाने झाकावी. हळद, चहापत्ती काही लावू नये. मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताची लस विचारावी.

दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना ताठ प्लास्टिकची जाळी बसवली. ती चाकाला नव्हे, मडगार्डाच्या आणि कॅरिअरच्या काड्यांना घट्ट बांधली आणि चाक फिरवून कुठे घासत नाही ना, हे पाहिले. खाली पाय ठेवायला दोन पावदाने लावली. हे होईपर्यंत सायकल फाटकाबाहेर जाऊ दिली नाही; पुतण्या थोडा रुसला. घंटी तेवढी राहिली आहे. त्याला आजोबांचीच जुनी घंटी घासूनपुसून लावायची आहे, आणि ती अजून माळ्यावर सापडत नाही.