गूगलवरचा सातबारा कुणाच्या नावावर?



सध्या गावोगाव एक नवा दलाल फिरतोय. रोपवाटिका असो, गुऱ्हाळ असो की कृषी पर्यटन, त्याचं बोलणं ठरलेलं: ‘वर्षाला एवढे द्या, वेबसाइट बनवून गूगलवर पहिल्या नंबरला आणतो.’ अडत वाचवायला आपण थेट विक्रीत उतरलो, आणि आता ही नवी अडत भरायची? माझा याला सरळ विरोध आहे.

गूगल स्वतःच सांगतं, स्थानिक शोधात वरची जागा पैशानं मिळत नाही. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बघितल्या जातात तीन गोष्टी: गिऱ्हाईक शोधतंय ते तुमच्याकडे आहे का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालंय. ‘टोमॅटो रोपवाटिका’ शोधलं तर निफाडात एक यादी दिसते, पुण्यात दुसरी. मग ‘अख्ख्या महाराष्ट्रात पहिला नंबर’ ही थापच की!

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पण दलाल ते स्वतःच्या ईमेलवर उघडतो. म्हणजे पीक तुमचं, सातबारा त्याचा. उद्या पैसे थांबवले की फोन नंबर बदलायलाही त्याच्याच पाया पडा. मालक म्हणून तुमचाच ईमेल पाहिजे. मदतनीस हवा तर त्याला व्यवस्थापक म्हणून जोडा. वेबसाइटचं डोमेनही आपल्याच नावावर घ्या. प्रोफाइलवरून फुकट बनणाऱ्या वेबसाइट गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, हे विसरू नका.

आणि त्या वेबसाइटवर असतं काय? गुळगुळीत इंग्रजी आणि परदेशी ट्रॅक्टरचे फोटो. गावाचा पत्ताच नाही! पिंपळगाव लिहून भागत नाही, पिंपळगावं ढीगभर आहेत. गाव, तालुका, जिल्हा, जवळचा फाटा, फोन, वेळ, आज कुठली रोपं तयार आहेत, हे साध्या मराठीत टाइप करा. फोटोवर छापून टाकू नका. नाव, पत्ता, नंबर प्रोफाइलवर आणि साइटवर एकसारखे ठेवा. नकाशावरची खूण आपल्या गेटवर पाहिजे, तालुक्याच्या चौकात नको.

विकतचे अभिप्राय आणि नावापुढं ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ची शेपटं नियमात बसत नाहीत. त्यापायी प्रोफाइल बंदही पडू शकतं. त्यापेक्षा रोपं नेलेल्या शेतकऱ्यालाच सांगा, लागण कशी झाली ते दोन ओळीत लिही.

कृषी सल्लागारांनाही विनंती. बियाण्याची पिशवी घेताना पावती अन् लॉट नंबर बघायला तुम्ही शिकवता, तसं हेही शिकवा. ई-पीक पाहणी मोबाइलवर करणाऱ्याला हे काही जड नाही.

दलाल दारात आला की पैशाचं बोलण्याआधी एवढंच विचारा: मालकाच्या जागी ईमेल कुणाचा टाकणार?

पटलं तर पुढं पाठवा.