कपाटं पुरे झाली, आता पगार मागा

मंडळी, आज जरा कडू लिहिणार आहे. ज्यांना शनिवारच्या चहाबरोबर गोडच लागतं त्यांनी सरळ पुढच्या आठवड्यात यावं :-)

विषय पैशाचा आहे. जुन्नर आणि आंबेगाव हे माझे दोन तालुके, एक गावाचा आणि एक आजोळचा. दोन्हीकडे वाचनालयं आहेत, साहित्य मंडळं आहेत, कुणाच्या तरी स्मरणार्थ काढलेले ट्रस्ट आहेत. आणि या सगळ्यांचं एकच पालुपद आहे: "साहित्याला कोण पैसे देतो हो?"

माझं म्हणणं उलटं आहे. देणारे आहेत. आपण त्यांच्याकडे भलतंच मागतो, आणि तेही भलतंच देतात. दोघांची सोय होते, आणि वाचनालयाला कुलूप ते कुलूपच राहतं.

आधी सरकारी बाजू बघू. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान. खेड्यातलं वाचनालय बहुतेक 'ड' वर्गातलं. २०१२ पासून दहा वर्षं 'ड' वर्गाला वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. मग ६० टक्के वाढ झाली आणि त्याचे ४८,००० झाले. ६० टक्के ऐकायला केवढं वाटतं! भागाकार करा: महिन्याला ४,०००. त्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीज आणि ग्रंथपाल. म्हणजे ग्रंथपालाच्या हातात येतात ते दोन-अडीच हजार. आमच्याकडे टोमॅटोच्या तोडणीला जाणारी बाई दहा-बारा दिवसांत एवढे मिळवते. मग संध्याकाळी पाच ते आठ वाचनालय उघडायला कोण बसणार? कुणीतरी बसतं, हेच आश्चर्य. आणि तो माणूस थकला, आजारी पडला किंवा त्याला पुण्यात नोकरी लागली, की वाचनालय बंद.

आता खाजगी बाजू. वाचनालयाला देणगी म्हटलं की काय येतं? कपाट. लोखंडी, राखाडी, दारावर लाल रंगात "यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट". मग पुस्तकांचे संच. मग इमारतीचा निधी आणि कोनशिला. गेल्या काही वर्षांत कॉम्प्युटरसुद्धा येतो, जो खोक्यातून बाहेर काढायला कुणी नसतं. या सगळ्यावर नाव रंगवता येतं. माणसाच्या पगारावर नाव कसं रंगवणार?

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ओळखतो. नवीन सर्व्हर घ्यायला बजेट लगेच मंजूर होतं, तो रात्री सांभाळणाऱ्या माणसाचं नाव काढलं की सगळे घड्याळाकडे बघतात.

गंमत म्हणजे आपल्याच भागातले जुने लोक याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. जुन्नरच्या भोवतालची लेणी बघा. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या पोटातली. दगडावर देणगीदारांची नावं आहेत, त्यांत यवनसुद्धा आहेत. पण नुसती खोली खोदून दिली आणि फोटो काढून निघून गेले असं नाही. शेताचं उत्पन्न लावून दिल्याचे, कारागिरांच्या श्रेणीकडे रक्कम ठेवल्याचे लेख तिथे आहेत. आणि याच रस्त्याने पुढे नाशिकला गेलात तर पांडवलेण्यात उषवदाताचा लेख आहे. या गृहस्थाने लेणं दिलं, आणि वर ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातल्या २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दल कधी मोडायचं नाही. व्याज कशासाठी? तिथे पावसाळ्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी. याला अक्षयनीवी म्हणत. म्हणजे साधारण १,९०० वर्षांपूर्वी एका देणगीदाराला कळलं होतं की लेणं देऊन भागत नाही, त्यात राहणाऱ्या माणसाचा खर्चही द्यावा लागतो. आज आमच्या तालुक्यातल्या देणगीदाराला हे समजावून सांगावं लागतं!

असो. आता कायद्याकडे या, कारण खरी चावी तिथे आहे आणि आपल्याकडे ती कुणी वाचत नाही.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कशावर खर्च करायचे याची यादी सातव्या अनुसूचीत आहे, आणि त्या यादीत "सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं" हे शब्द चक्क लिहिलेले आहेत. कला आणि संस्कृतीचं जतनही आहे. शिवाय कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असंही कलमातच आहे. आता नकाशा काढा. चाकण कुठे आहे? रांजणगाव कुठे आहे? मंचरहून चाकण गाठायला नाशिक रस्त्यावरची ट्रॅफिक वगळली तर कितीसा वेळ लागतो? (ट्रॅफिक वगळता येत नाही, हे मान्य.)

मग आपली मंडळं काय मागतात? कविसंमेलनाला प्रायोजकत्व. स्मरणिकेत जाहिरात. पुरस्काराची रक्कम. केंद्राच्या २०१४ च्या परिपत्रकात पुरस्कार, जाहिराती यांसारख्या एकदाच होणाऱ्या गोष्टी या खर्चात धरणार नाही असं स्पष्ट म्हटलं होतं, आणि २०२१ च्या नियमांत कंपनीच्या मालाची प्रसिद्धी व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व वगळलं आहे. म्हणजे ज्याला हा पैसा मिळू शकतो ते आपण मागत नाही, आणि ज्याला मिळणं अवघड तेच मागून "साहित्याला कोण विचारतो" म्हणत परत येतो.

आमच्या कंपनीत अशा अर्जांची प्राथमिक छाननी करणारी कर्मचाऱ्यांची समिती आहे. मराठी अर्ज आला की तो माझ्याकडे ढकलतात. तर ऐका, अर्ज कसा असतो. पहिली दोन पानं संस्थापकांचं चरित्र. मग सत्कारांचे फोटो, शाल-श्रीफळासह. मग "वाचन संस्कृती लोप पावत चालली आहे" हा परिच्छेद, प्रत्येक अर्जात, शब्दसुद्धा तेच. आणि शेवटची ओळ: "तरी आपण यथाशक्ती सहकार्य करावे." अहो, यथाशक्ती मंजूर करता येत नाही! मंजूर आकडा होतो. किती रुपये, कशासाठी, किती महिने, आणि झालं की नाही ते कसं कळणार, एवढं लिहा. संस्थापकांना एक ओळ पुरते.

यावर नेहमीचं उत्तर येतं की "खेड्यातल्या लोकांना हिशेब-प्रस्ताव वगैरे जमत नाही." साफ खोटं. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात तेव्हा आमच्या गावांच्या यात्रा कमिट्या तिथे जाऊन लाखांत बोलल्या जाणाऱ्या सुपाऱ्या घासाघीस करून ठरवतात. घरटी वर्गणी गोळा होते, पावत्या फाटतात, आणि यात्रा संपली की देवळासमोर जमाखर्च वाचला जातो. शंभर रुपयांचा फरक निघाला तरी वर्षभर भांडण चालतं. ज्या गावाला हे जमतं त्याला तीन पानांचा प्रस्ताव जमत नाही? आणि आंबेगावच्या डिंभे परिसरात काम करणाऱ्या शाश्वत ट्रस्टला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. विषय साहित्याचा नव्हता, धरणग्रस्त आदिवासींच्या उपजीविकेचा होता. पण या डोंगरातलं काम जगाला समजेल असं मांडता येतं, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

खरी अडचण कागदांची आहे. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो कुणी देत नाही. त्यामुळे कागदावर अध्यक्ष कैलासवासी, खजिनदारही कैलासवासी, आणि सचिव मुलाकडे ठाण्याला. स्वर्गातल्या कमिटीला कोण चेक देणार? शिवाय आयकराची नोंदणी (जिला लोक १२-ए आणि ८०-जी म्हणून ओळखतात), तीन वर्षांचे ऑडिट आणि सीएसआर-१ चा फॉर्म. कंपनीबाहेरच्या संस्थेला तीन वर्षांच्या कामाची नोंद दाखवावी लागते. हे सगळं एका चांगल्या सीएकडे बसून होतं. आधी हे करा, मग संमेलन. आणि अमेरिकेतल्या भाच्याकडून थेट पैसे घ्यायच्या आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर हरकत नाही, पण अमेरिकन नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि तिचा कायदा वेगळा आहे.

आता दुसऱ्या बाजूला दोन शब्द, कारण दोष एकट्या गावाचा नाही.

फाउंडेशनवाल्यांनो, तुमचे फॉर्म इंग्रजीत का? मराठी वाचनालयाने मराठी वाचनासाठी मागायचे पैसे, आणि त्यासाठी पुण्यातला इंग्रजी लिहिणारा कन्सल्टंट गाठायचा? बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ ची संस्था भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते. त्यांना जमतं, तुम्हाला का नाही? आणि पगार म्हटलं की "आमच्या नियमात प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे" हे उत्तर देणं बंद करा. नियम परत वाचा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चाला आहे. एखाद्या ठराविक प्रकल्पाच्या अंमलबजावणीचा थेट खर्च त्यात येत नाही. वाचनालय चालवणं हाच प्रकल्प असेल तर ग्रंथपालाचा पगार हा प्रकल्पाचा गाभा आहे. कायदा आडवा येत नाही, तुमची सवय आडवी येते. टाटा ट्रस्ट्सचा 'पराग' उपक्रम बघा. मुलांच्या पुस्तकांबरोबर तो वाचनालय चालवणाऱ्या माणसांसाठी अभ्यासक्रमही चालवतो. पुस्तकामागे माणूस लागतो हे त्यांना समजलंय.

एक आक्षेप उरतो. खाजगी पैसा आला की साहित्य मिंधं होतं, असं आमचे काही जाणते म्हणतात. सरकारी पैसा काय सोवळ्यातला आहे? १८४९ साली पुण्यात लोकहितवादींसारख्यांनी अर्ज केला की दक्षिणेच्या निधीतले पैसे मराठी ग्रंथांना द्या. केवढा गदारोळ झाला! त्यातून १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. आणि १८५५ साली जोतीराव फुल्यांनी आपलं 'तृतीय रत्न' नाटक त्याच कमिटीकडे दिलं, तेव्हा ते नाकारलं गेलं. का, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: कमिटीतल्या भट सभासदांमुळे. तेव्हा पैसा सरकारी की खाजगी यापेक्षा कमिटीत कोण बसलंय आणि कुठली पुस्तकं घ्यायची हे कोण ठरवतं, हे बघा. करारात एक ओळ घाला: पुस्तकांची निवड वाचनालयाची. देणगीदार अडला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

तर मागायचं काय? माझा मसुदा देतो, कुणीही उचलावा. एक ग्रंथपाल, गावातलीच, शक्यतो बारावी झालेली मुलगी. महिना १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००, तीन वर्षांचे ४,३२,०००. वाचनालय आठवड्यातून सहा दिवस, रोज चार तास उघडं. दोन दिवस आश्रमशाळेत पुस्तकांची पेटी. आणि एक वही: नारायणगावात तमाशाच्या वगांची हाताने लिहिलेली बाडं कुणाच्या ट्रंकेत पडली असतील, भीमाशंकरच्या वाटेवरच्या म्हाताऱ्यांना महादेव कोळ्यांची गाणी येत असतील, डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेल्या आंबेगावच्या आठवणी सांगणारे असतील, तर त्या नोंदवायच्या. हे साहित्यच आहे, आणि ते नोंदवायला कपाट उपयोगी पडत नाही.

साडेचार लाखांच्या आत तीन वर्षं. चाकणच्या एखाद्या मोठ्या कंपनीला हा आकडा हिशेबात दिसणारसुद्धा नाही. आणि चौथ्या वर्षाचं काय, हा प्रश्न पहिल्याच वर्षी ग्रामसभेत मांडा. वाचनालय रोज उघडं दिसलं, तर यात्रेच्या वर्गणीत घरटी पन्नास रुपये त्याच्या नावे जास्त काढायला गाव नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं. निदान विचारून तरी बघा.

पण तोवर कुणी कपाट घेऊन आलंच, तर नम्रपणे सांगा: साहेब, कपाट आहे. उघडायला माणूस द्या.