श्वासचाचणीची तुलना कोणाशी?

यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण आपल्यापर्यंत बहुधा उशिरा पोहोचतो. पोटात पाणी झालेले असते, अंग खंगलेले असते आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. त्यामुळे नुसत्या उच्छ्वासावरून हा कर्करोग लवकर ओळखता येईल असे कोणी म्हटले, की आपल्या आशा जाग्या होतात, आणि ते स्वाभाविक आहे. सिरॉसिसच्या रुग्णांची आपण दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. पण २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगांपैकी केवळ ४५ टक्के नुसत्या सोनोग्राफीने सापडले होते. जोडीला एएफपी घेतल्यावर ६३ टक्के. जास्त चांगले साधन हवे आहे, याबद्दल दुमत नाही.

यकृत निकामी होताना श्वासाला येणारा गोडसर-कुबट वास आपण विद्यार्थिदशेतच शिकतो. त्यामागे मुख्यतः डायमिथाइल सल्फाइड असते. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये उच्छ्वासात सुमारे २५० घटक दाखवले. अलीकडे सर्वाधिक लक्ष वेधले आहे ते लिमोनीनने. शरीर ते तयार करत नाही. ते लिंबू-संत्र्याच्या सालीतून, खाण्यातून येते. निरोगी यकृतातील सीवायपी २सी९ आणि २सी१९ ही विकरे त्याचे विघटन करतात. सिरॉसिसमध्ये हे काम मंदावते, लिमोनीन शरीरात साचते आणि श्वासावाटे बाहेर पडते. बर्मिंगहॅममधील संशोधकांना यकृत प्रत्यारोपणानंतर त्याचे प्रमाण घटलेले आढळले.

हा पुरावा सुंदर आहे, पण तो कशाचा आहे? यकृताच्या दुबळेपणाचा, गाठीचा नव्हे. यकृतात सुरू होणारा कर्करोग बहुतेकदा सिरॉसिस झालेल्या यकृतातच होतो. अशा रुग्णांची तुलना धडधाकट लोकांशी केली, तर आकडे देखणे येतील. मात्र चाचणीने कदाचित फक्त सिरॉसिस ओळखलेला असेल, जो आपल्याला आधीच ठाऊक होता. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०२० च्या अभ्यासात श्वासचाचणीची संवेदनशीलता ७३ टक्के, तर त्याच रुग्णांत एएफपीची ५३ टक्के होती. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. पण २९६ जणांच्या त्या अभ्यासात यकृताचा कर्करोग असलेले ११२ होते, आणि गाठ नसलेले सिरॉसिसचे रुग्ण फक्त ३०. आपल्या ओपीडीतला खरा प्रश्न या ३० जणांच्या गटात आहे.

साधा हिशेब करू. सिरॉसिसच्या १,००० रुग्णांपैकी वर्षभरात २० जणांना कर्करोग होईल असे धरा. चाचणीची संवेदनशीलता ८० आणि विशिष्टता ९० टक्के असेल, तर १६ जण सापडतील आणि कर्करोग नसलेल्या ९८ जणांना सीटी किंवा एमआरआयला पाठवावे लागेल. या गटात तेवढे परवडेल. आरोग्य शिबिरात सरसकट सगळ्यांना ही चाचणी केली तर कर्करोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सापडणार नाहीत, आणि विनाकारण धास्तावलेली माणसे दर हजारी शंभराच्या घरात असतील. म्हणून प्रयोगशाळांनी ही चाचणी आज आपल्या दरपत्रकात घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नमुना घेण्याची शिस्त मात्र आजच शिकण्यासारखी आहे. उच्छ्वासाचा पहिला भाग तोंडातला आणि श्वासनलिकेतला असतो. फुप्फुसाच्या खोल भागातली हवा हवी असेल तर कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून ती वेगळी घ्यावी लागते. वॉर्डातल्या स्पिरिटचा आणि फिनेलचा वासही नमुन्यात उतरतो, म्हणून खोलीतल्या हवेचा नमुना सोबत हवाच. टेडलारच्या पिशव्या स्वतःच फिनॉल सोडतात. रुग्णाने आदल्या दिवशी लिंबाचे लोणचे खाल्ले का, विडी ओढली का, हे विचारून लिहावे. ओमेप्राझोल चालू आहे का, हे तर नक्कीच. ते २सी१९ लाच रोखते, आणि आपल्या किती रुग्णांच्या पिशवीत ते असते!

ज्यांच्याकडे यकृतरोगाची नियमित ओपीडी आहे त्यांनी आचारसमितीची परवानगी आणि रुग्णाची संमती घेऊन, सोनोग्राफीच्याच दिवशी सिरॉसिसच्या रुग्णाचा श्वासनमुनाही घ्यावा, आणि गाठ दिसो वा न दिसो, त्याच रुग्णाचा पाठपुरावा दोन-तीन वर्षे करावा. अशा नोंदी असतील तर गाठ दिसण्यापूर्वी श्वासात काही बदलले होते का, हे मागे जाऊन तपासता येईल.