महासंगणक आला, आज्ञावलीची बांधणी कोण शिकवणार?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांचा खर्च सुमारे १३० कोटी रुपये. २०१५ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाचा हा महत्त्वाचा टप्पा होय. अशा प्रसंगी चर्चा होते ती यंत्राच्या गतीची. संशोधक विद्यार्थ्याची पहिली गाठ मात्र अनेकदा पडते ती फसलेल्या बांधणीशी, म्हणजेच ‘बिल्ड फेल्ड’ या संदेशाशी.

हवामान किंवा द्रवगतिकीची अनेक प्रारूपे फोरट्रान भाषेत, काही दशकांपूर्वी लिहिली गेली. कम्पायलरने यंत्रभाषेत उतरवल्याशिवाय ती चालत नाहीत आणि घोडे तिथेच पेंड खाते. एकाच फाइलमध्ये एकाच उपकार्यक्रमाला दोन ठिकाणी भिन्न प्रकारची मूल्ये दिली, तरी जुन्या जीफोरट्रानमध्ये ते बहुधा खपून जात असे. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ती त्रुटी ठरते. एखादी लायब्ररी इंटेलच्या कम्पायलरने आणि प्रारूप जीफोरट्रानने बांधले, तर एकाच्या मॉड्यूल फाइली दुसऱ्याला वाचता येत नाहीत. लॉगिन नोडवर ‘मार्च नेटिव्ह’ पर्याय दिला आणि गणना करणाऱ्या नोडचा प्रोसेसर जुना निघाला, तर बांधणी निर्विघ्न पार पडते. आज्ञावली मात्र ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळते.

यावरचा मार्ग शिस्तीचा आहे. शेकडो ओळींच्या नोंदीत शेवटची नव्हे, तर पहिली त्रुटी शोधावी. पुढच्या अनेक त्रुटी तिचीच पिल्ले असतात. कम्पायलरची आवृत्ती आणि लोड केलेली मॉड्यूल्स तपासावीत. एका वेळी एकच पर्याय बदलावा आणि दरवेळी रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने बांधणी करावी.

खरा धोका असतो तो त्रुटीला गप्प करण्यात. ‘अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा पर्याय दिला की वर सांगितलेली त्रुटी नुसता इशारा बनते. परंतु जीफोरट्रानची अधिकृत पुस्तिकाच त्याचा वापर टाळण्यास सांगते. गतीसाठी ‘फास्ट-मॅथ’ दिल्यास दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम बदलू शकतो आणि अवैध संख्या अस्तित्वातच नाहीत असे कम्पायलर गृहीत धरतो. मग बिघडलेली गणना पकडण्यासाठी लिहिलेली तपासणीच वगळली जाऊ शकते. बांधणी यशस्वी, आलेख देखणा आणि उत्तर अविश्वसनीय!

म्हणून कम्पायलरचे नाव, आवृत्ती आणि पर्याय हा तांत्रिक तपशील नसून प्रयोगपद्धतीचाच भाग आहे. तापमान न नोंदवता रासायनिक अभिक्रियेचा निष्कर्ष मांडणे जसे मान्य होत नाही, तसेच बांधणीची कृती न देता गणनेचा निष्कर्ष मांडणेही मान्य होऊ नये.

प्रत्येक राष्ट्रीय महासंगणन केंद्राने प्रमुख प्रारूपांच्या तपासलेल्या बांधणी-कृती खुल्या ठेवाव्यात. विद्यापीठांनी हे कौशल्य अभ्यासक्रमात आणावे आणि बांधणीत गेलेल्या महिन्यांना संशोधनाचे श्रम मानावे. यंत्र पैशाने उभे राहते. त्यातून मिळणाऱ्या उत्तरावरचा विश्वास मात्र अशा काटेकोर नोंदींवरच उभा राहतो.