दोघांची वाट : कँडीत एक दिवस



माणूस प्रवासाहून परतला की शेजारीपाजारी दोनच प्रश्न विचारतात. काय बघितले आणि काय खाल्ले. 2024 च्या जानेवारीत आम्ही दोघे श्रीलंकेला जाऊन आलो, तेव्हापासून जिन्यात, नळावर, बुद्धविहारात हेच दोन प्रश्न ऐकतो आहोत. म्हणून आज एकदाच सगळ्यांना मिळून सांगतो. मात्र सगळी सहल नाही, एकाच दिवसाची हकीकत सांगतो. तो दिवस आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

चाळीस वर्षांच्या संसारात आमचा दोघांचा प्रवास म्हणजे गाव, सासुरवाडी, चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी. या खेपेला आयुष्मतींची भिशी लागली, आमच्या ग्रॅच्युइटीतले थोडे उरले होते आणि लेकीने विमानाची तिकिटे काढून दिली. मुंबईहून कोलंबो अडीच-तीन तासांचे. आपल्या एस.टी.ला गावी पोचायला याहून जास्त वेळ लागतो!

कोलंबोहून आम्ही डोंगरातल्या कँडी शहरात आलो. तिथले लोक त्याला महानुवर म्हणतात, म्हणजे महानगर. उतरलो एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. दोन खोल्या त्या पाहुण्यांना भाड्याने देत. त्यांना इंग्रजी येत होते, आम्हाला कामापुरते येते. आयुष्मतींना येत नाही, पण स्वयंपाकघरात त्यांचे काही अडले नाही.

सकाळी न्याहारीला पांढऱ्या वड्या आल्या. आम्हाला वाटले बर्फीच! पण तो नारळाच्या दुधात शिजवून, थापून कापलेला भात होता. त्याचे नाव किरीबत. किरी म्हणजे दूध, बत म्हणजे भात. नववर्षाला, शुभकार्याला हाच पदार्थ आधी होतो. सोबत लुनुमिरीस, म्हणजे कांदा-मिरचीचा ठेचा, आणि त्यात वाळवलेल्या माशाची पूड. आयुष्मतींनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या सुकटीची मावसबहीण!" शिक्षिकाबाईंना अर्थ कळला नाही, पण चेहरा कळला. त्यांनी आणखी दोन वड्या वाढल्या आणि आपले ताट घेऊन आमच्याच टेबलावर बसल्या.

मग मालिगाव्याची तयारी. श्री दळदा मालिगावा म्हणजे तथागतांच्या दंतधातूचे स्थान. तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर ठेवायच्या. आयुष्मतींनी धम्मकार्याची पांढरी साडी मुद्दाम बॅगेत टाकली होती. तिथलेही लोक पांढऱ्याच कपड्यात! बायका त्यांच्याशी सरळ सिंहलीत बोलू लागल्या आणि याही मान डोलवीत मराठीत उत्तरे देऊ लागल्या. आम्ही मुकाट्याने फुले घेतली. निळी कमळे होती ती, श्रीलंकेचे राष्ट्रीय फूल.

साडेनऊच्या पूजेला खाली ढोल वाजू लागले. वरच्या मजल्यावर रांग पुढे सरकली. दंतधातू प्रत्यक्ष दिसत नाही. दार उघडते तेव्हा आतला सोन्याचा करंडक क्षणभर दिसतो आणि मागची माणसे पुढे ढकलतात. फुले ओट्यावर ठेवून आम्ही बाजूला झालो. तिथे जमिनीवर म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकुरवाळ्या बसल्या होत्या. त्यांच्यात बसून आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. पाली तीच, चाल तेवढी वेगळी. शेजारची म्हातारी आमच्या चालीवर थांबली, मग हसली आणि आमच्याबरोबर पुढे म्हणू लागली. आयुष्मतींच्या डोळ्यांना पाणी आले. आमच्याही आले, कशाला खोटे सांगा!

मागच्या दालनात दंतधातूची कथा चित्रांत मांडली आहे. परंपरा अशी की, चौथ्या शतकात कलिंगची राजकन्या हेममाली आणि तिचा पती दंतकुमार हे वेष पालटून समुद्रापार आले आणि तिने तो धातू आपल्या केसांत लपवून आणला. आयुष्मती त्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. "जोखमीचे सामान बाईच्याच डोक्यावर!" एवढेच त्या बोलल्या.

आम्हाला तिथे आठवण झाली ती आणखी एका जोडप्याची. 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब आणि माईसाहेब जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेला आले होते, या कँडीतही आले होते. बौद्धांचे विधी कसे असतात, लोकांच्या जगण्यात धम्म किती जिवंत आहे, हे आपण पाहायला आलो आहोत असे त्यांनी सांगितले होते. अजून धर्मांतराला सहा वर्षे होती. हात जोडण्याआधी डोळे उघडे ठेवणारा तो माणूस! आम्ही मनाशी म्हटले, आपणही आज नुसते हात जोडून परत जायचे नाही, डोळे उघडे ठेवायचे.

दुपारी बाजाराजवळच्या खानावळीत जेवलो. भाताचा ढीग आणि भोवती वाट्या. नारळाच्या दुधातली मसुराची डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, गोटुकोला नावाच्या पाल्याची चिरून केलेली कोशिंबीर, पापड आणि पोळ सांबोळ. हे पोळ म्हणजे आपली पोळी नव्हे, नारळ! किसलेला नारळ, लाल मिरची, कांदा, लिंबू. "वरणात नारळ?" म्हणून आयुष्मतींनी आधी नाक मुरडले आणि मग डाळ दोनदा मागून घेतली. शेवटी मडक्यातले म्हशीचे दही आले, त्यावर किटूल माडाच्या रसाची काकवी. आपल्याकडे त्या झाडाला भेर्ली माड म्हणतात. आमचे दोघांचे मिळून एकच मडके मागवले होते. दुसरे केव्हा आले ते कळले नाही.

तिथून सहा किलोमीटरवर पेरादेनियाची बाग. रिक्षा बजाजची, आपल्या पुण्याच्या कंपनीची, त्यामुळे बसल्याबरोबर घरचे वाटले. 147 एकरांची बाग, तिला महावेली नदीचा वळसा. उंच ताडांच्या सरळ रांगा, छत्रीसारखा पसरलेला जावाचा अंजीर, झाडांवर उलटी टांगलेली शेकडो वटवाघळे. आयुष्मतींनी चपला हातात घेतल्या आणि हिरवळीवर चालल्या. उभा जन्म धुणी-भांडी, डबे आणि पाळ्या करण्यात गेला. दुपारी तीन वाजता काही काम नसताना गवतावर बसायचे कसे, हे त्यांना आधी जमेचना. दोनदा उठून पदर सारखा केला. तिसऱ्यांदा बसल्या त्या पाऊण तास उठल्या नाहीत. आम्हीही उठवले नाही.

संध्याकाळी तळ्याच्या काठाने फिरलो. हे तळे कँडीच्या शेवटच्या राजाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधले. 1815 मध्ये इंग्रजांनी राज्य घेतले आणि राजाला कैद करून आपल्या वेल्लोरला पाठवले. तळ्याच्या एका काठाला मालिगावा, समोरच्या काठाला मलवत्ता विहार. रात्री कोट्टू खाल्ला. तापल्या तव्यावर दोन पात्यांनी पोळीचे तुकडे करतात, त्यात अंडे, भाजी. त्याचा खडखडाट दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जातो.

घरी आल्यावर शिक्षिकाबाईंनी चहा केला. आयुष्मतींनी आम्हाला सांगितले, "त्यांना विचारा, समोरच्या विहारात आमच्यासारख्यांचा मुलगा भिक्खू होऊ शकेल का?"

आम्ही विचारले. बाईंनी कप खाली ठेवला. मग जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. 1753 मध्ये सयामहून उपाली थेर आले, लंकेतली खंडित झालेली उपसंपदा पुन्हा सुरू झाली, तो सियाम निकाय. मलवत्ता आणि अस्गिरिया ही त्याची दोन पीठे, दंतधातूची देखरेखही त्यांच्याकडे. पण लवकरच तिथे उपसंपदा फक्त गोविगम जातीला, असे ठरले. गोविगम म्हणजे शेती करणाऱ्यांची, तिथली वरची मानलेली जात. मग किनाऱ्यावरच्या दालचिनी सोलणाऱ्या जातीतले श्रामणेर जहाजाने ब्रह्मदेशात गेले, 1800 साली अमरपूरला उपसंपदा घेतली आणि 1803 मध्ये परतले. त्यांचा अमरपूर निकाय. 1864 मध्ये रामञ्ञ निकाय निघाला. आज इतर जातींचे भिक्खू या निकायांतून होतात, पण सियाम निकायातली ती रीत अजून आहे.

"आणि तुम्ही?" आयुष्मतींनी हातानेच विचारले.

बाई हसल्या. "मी रोज मालिगाव्यात फुले वाहते. माझा भाऊ भिक्खू आहे. समुद्रकाठच्या गावात, दुसऱ्या निकायात."

खोलीत आल्यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. आम्हाला वाईट वाटले होते. सकाळी ज्या ओट्यावर फुले ठेवली, त्याच्याच पाठीमागे ही भिंत! आयुष्मतींना आपल्या आईची आठवण आली. गावच्या विहिरीवर ओंजळ धरून ती तासन् तास उभी राहायची, कोणी वरून पाणी ओतील म्हणून. मग त्या उठून बसल्या.

"अहो, त्या दालचिनीवाल्यांनी ओंजळ नाही धरली. जहाज धरले."

वाचकहो, एवढे एक वाक्य आम्ही त्या बेटावरून आणले आहे. बाकी चहाची पाकिटे होती, ती वाटून संपली. धम्माच्या देशात सगळे आलबेल असेल असे समजून आम्ही गेलो होतो. जात तिथेही पोचलेली दिसली आणि तिला वळसा घालून पुढे गेलेली माणसेही दिसली. तथागतांच्या संघात उपाली न्हावी होता, सुनीत भंगी होता. हे आपण मुलांना सांगतो ना? मग जिथे विसर पडला आहे तिथे नम्रपणे विचारायलाही हवे. विचारल्याने आमचा पाहुणचार कमी झाला नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला किरीबतच होता आणि बाई आमच्याच टेबलावर बसल्या होत्या.

जाणार असाल तर पांढरे कपडे न्या, चपला सहज निघतील अशा घ्या आणि दोघांत दह्याचे एक मडके मागवू नका, दोन मागवा. घरच्या बाईला दुपारी तीन वाजता गवतावर बसू द्या. त्यासाठी मात्र श्रीलंकेपर्यंत थांबायची गरज नाही, हे आम्ही स्वतःलाही बजावले आहे.

नमो बुद्धाय, जयभीम!