खोक्यावर नसलेला आकडा

आपण इंजिनिअरिंगवाले आकड्यांवर भाळणारी माणसं. मोबाईल घ्यायचा तर रॅम किती, बाईक घ्यायची तर सीसी किती, आणि रिझल्ट लागला की पॉइंटर किती. आकडा मोठा असला की वस्तू चांगली, विषय संपला! म्युझिक प्लेअर घेतानाही हेच चालतं. खोक्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, १२८ जीबी असं काहीतरी छापलेलं दिसलं की बाकीची चौकशी करायची कोणाला गरजच वाटत नाही. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. या आकड्यांपैकी बरेचसे आपल्या फारसे कामाचे नसतात, आणि जो एक आकडा खरोखर कामाचा असतो तो खोक्यावर ठळक अक्षरांत कोणी छापत नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ. आधी खरेदी उरकून घेऊ.

कोणीतरी लगेच म्हणेल, "अरे, फोन असताना आता प्लेअर कोण घेतं?" प्रश्न रास्त आहे. सोनीचा पहिला वॉकमन १९७९ साली आला. १९९८ मध्ये कोरियातल्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आला. त्यात ३२ एमबी जागा होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलनं ५ जीबीचा आयपॉड काढला आणि हजार गाणी खिशात मावतील असं सांगून सगळ्यांना वेड लावलं. पुढं फोननं हे सगळं गिळून टाकलं आणि मे २०२२ मध्ये ॲपलनं आयपॉडला निरोप दिला. तरी ही जात अजून नामशेष झालेली नाही. सोनीनं २०२३ मध्येसुद्धा वॉकमन नावानं नवा प्लेअर बाजारात आणला आणि फिओसारख्या चिनी कंपन्यांनी तर यातच नाव कमावलं.

माझ्या मते हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरापोरींसाठी वेगळा प्लेअर अजूनही उपयोगाची वस्तू आहे. त्याचं कारण आवाज नाही, हे आधीच सांगतो. चांगले इअरफोन लावले तर बऱ्याच फोनचा आवाजही उत्तम असतो. कारण असं, की प्लेअर एकच काम करतो. पीएलच्या दिवसांत रात्री अकराला एक गाणं लावायला म्हणून फोन हातात घ्यायचा आणि साडेबाराला आपण कोणाच्यातरी लग्नाचे फोटो बघत असायचं, हा अनुभव कोणाला नाही? साध्या प्लेअरवर मेसेज येत नाही, रील येत नाही, ग्रुपवर 'उद्या सबमिशन आहे का रे' असं कोणी विचारत नाही. गाणं संपलं की दुसरं गाणं लागतं, बस्स. शिवाय खरी बटणं असतात. अंधारात, पांघरुणाच्या आत, न बघता गाणं बदलता येतं. ज्यांना फोन बाजूला ठेवणं सहज जमतं त्यांनी खुशाल फोनवर ऐकावं, पैसे वाचवावेत.

आता घ्यायचाच ठरला, तर पहिला प्रश्न दुकानदाराला विचारायचा नाही, स्वतःला विचारायचा. माझी गाणी आहेत कुठे? महिन्याला पैसे भरून ॲपवर ऐकत असाल, तर ती गाणी भाड्याची आहेत. ॲपमध्ये डाउनलोड केलेलं गाणं त्या ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की तेही गप्प होतं. साध्या प्लेअरमध्ये ही गाणी टाकता येत नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारा प्लेअर लागतो, तो महाग पडतो, आणि तो घेतला की 'एकच काम' हा फायदाही जातो. याउलट घरी वडिलांच्या, काकांच्या सीड्या पडल्या असतील, किंवा तुम्ही गाणी विकत घेऊन फाइली ठेवल्या असतील, तर साधा प्लेअर तुमचीच वाट बघतोय. त्या सीड्या सुट्टीत कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सीडी ड्राइव्ह आता लॅपटॉपला येत नाही, पण यूएसबीला जोडायचा मिळतो. चार जणांत एक घेतला तरी पुरे.

दुसरा प्रश्न जागेचा. सीडीवरचं पाच मिनिटांचं गाणं सुमारे ५३ एमबी जागा घेतं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये पाच एमबीच्या आत बसतं आणि ३२० केबीपीएसला बारा एमबी होतं. म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर ३२० ची सुमारे अडीच हजार गाणी, दोनशेहून जास्त तास! रोज दोन तास ऐकलं तरी एक अख्खी सेमिस्टर निघते. मग १२८ जीबी कशाला, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मात्र प्लेअर किती जीबीपर्यंतचं कार्ड घेतो ते आधी वाचा, कारण स्वस्तातले कित्येक प्लेअर ३२ जीबीच्या पुढं जात नाहीत. आणि फारच स्वस्त मिळालेलं मोठं कार्ड एकदा काठोकाठ भरून, फाइली परत उघडून तपासून घ्या. वर ५१२ लिहिलेलं आणि आत जेमतेम ८ असलेली नकली कार्डं बाजारात असतात.

तिसरा आकडा म्हणजे १९२ किलोहर्ट्झ. इथं मात्र मला आपल्याच लोकांचा राग येतो. सिग्नल्सच्या पेपरात नायक्विस्टचा प्रश्न आला की आपण पानभर लिहितो, की सँपलिंगच्या वेगाच्या निम्म्यापर्यंतची कंपनसंख्या जशीच्या तशी परत मिळते. सीडीचा वेग ४४.१ किलोहर्ट्झ, त्याचा निम्मा २२.०५. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत जातो. म्हणजे ऐकायला जे लागतं ते सीडीतच आलं! मग हाच विद्यार्थी दुकानात १९२ बघून दुप्पट पैसे का मोजतो? रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत जास्त बिटांचा उपयोग आहे, तिथं आवाजाची पुढं बरीच काटछाट व्हायची असते. पण १९६० च्या सुमाराचं भावगीत १९२ च्या फाइलमध्ये भरलं म्हणून मूळ रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं ते त्यात कुठून येणार?

बिटरेटचं मात्र तसं नाही, तिथं फरक पडतो. एमपीथ्री हे जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी मुख्यतः घडवलेलं तंत्र. त्याची कल्पना अशी, की मोठ्या आवाजाशेजारी दबलेला बारीक आवाज कानाला कळतच नाही, तर तो साठवायचा कशाला? कल्पना झकास आहे. पण फार पिळलं की पिळल्याचं कळतं. ते कुठं कळतं हे बघायचं असेल तर अभंग लावा. टाळांचा आवाज एकदम उसळतो आणि त्यात वरच्या पट्टीचा मसाला भरपूर असतो. एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करून त्यांवर काम करतं, त्यामुळं जी चूक होते ती अख्ख्या तुकड्यावर पसरते, आणि कमी बिटरेटला टाळ पडायच्या आधीच हलकी खरखर येते. ६४ केबीपीएसला तर टाळ वाजतायत की पत्र्यावर पाऊस पडतोय तेच कळेना होतं. श्रोत्यांच्या टाळ्यांचंही तसंच.

मग किती बिटरेट पुरे? कोणाचं ऐकू नका, प्रयोग करा. एकाच सीडीवरचं एक गाणं घ्या. त्याची एक १२८ ची, एक ३२० ची आणि एक फ्लॅक फाइल बनवा. फ्लॅकमध्ये काहीच कापलं जात नाही. मग रूममेटला लपवून वाजवायला सांगा आणि दोन-दोनच्या जोड्यांत कोणती कुठली ते दहा वेळा ओळखा. दहापैकी नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता नुसत्या अंदाजानं शंभरात एकच आहे. तितके आले तर तुम्हाला फरक खरंच कळतोय. पाच-सहाच आले तर कार्डावरची जागा वाचवा. एकच पथ्य, तिन्ही फाइलींचा आवाज सारखा हवा. किंचित मोठा आवाज प्रत्येकाला 'भारी क्वालिटी' वाटतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि हो, मित्राकडून आणलेली १२८ ची फाइल ३२० मध्ये बदलून काही मिळत नाही. पातळ केलेलं ताक मोठ्या भांड्यात ओतलं म्हणून घट्ट होतं का?

खोक्यावर नसलेल्या पण दुकानातच तपासायच्या दोन गोष्टी. एक, देवनागरी. कित्येक स्वस्त प्लेअरमध्ये मराठी गाण्याच्या नावाच्या जागी चौकोनांची रांग दिसते, किंवा जोडाक्षरं फुटतात. नावात 'ज्ञ' आणि 'क्ष' असलेली एक फाइल सोबत न्या आणि लावून बघा. दोन, एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये खंड पडतो का? सुट्या गाण्यांना चालतं, पण एकाच मैफलीचे तुकडे असतील तर विलंबित संपून द्रुत सुरू होताना तानपुराच अर्धा सेकंद गायब होतो, सगळा रंगाचा बेरंग! जुना आयपॉड किंवा सॅन्सा क्लिप घरात पडून असेल तर टाकू नका. रॉकबॉक्स नावाची मोफत, मुक्त प्रणाली अशा अनेक जुन्या प्लेअरवर चढवता येते आणि त्यानं ते पुन्हा कामाला लागतात. बॅटरी फुगली असेल तर मात्र तो चार्ज करू नका, आधी जाणत्याकडून बदलून घ्या.

आणि सगळ्यात मोठा खर्च कशावर? इअरफोनवर. प्लेअरपेक्षा आवाजात जास्त फरक इअरफोन पाडतात. ३०० ओहमचा हेडफोन छोट्या प्लेअरला ओढवत नाही, म्हणून १६ ते ३२ ओहमच्या आसपासचे घ्या. कानात बसणारे असतील तर सोबतच्या रबरी टोप्यांतली योग्य मापाची टोपी लावा. टोपी सैल असली की ढोलक, तबल्याचा खर्ज गळून जातो आणि बाहेरचा गोंगाट आत येतो. मग आपण काय करतो? आवाज वाढवतो.

इथं तो खोक्यावर नसलेला आकडा येतो. ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितलेली ही मर्यादा. डेसिबल लॉगमध्ये असतो, म्हणून साधारण दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ९० ला चार. आणि १०० ला? साधारण वीस मिनिटं, तीही अख्ख्या आठवड्यात! पाच मिनिटांचं एक अशी चार गाणी झाली, की आठवड्याचा कोटा संपला. फ्रान्समध्ये प्लेअरच्या आवाजाला १०० डेसिबलची कायदेशीर मर्यादा होती. २००२ साली आयपॉड तिच्यात बसेना, तेव्हा ॲपलला तिथं विक्री थांबवून सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

कारण कानाच्या आत, शंखात, सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. आपल्या भाषेत सांगायचं तर सेन्सर. हा सेन्सर एकदा मेला की माणसात परत उगवत नाही. पक्ष्यांमध्ये उगवतो, आपल्यात नाही. आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, आधी काही कळतच नाही. मोठ्या आवाजानं बहुधा चार किलोहर्ट्झच्या आसपासचं ऐकणं पहिल्यांदा जातं. गाणं ऐकू येतं, बोलणं ऐकू येतं. फक्त मेसच्या गोंगाटात 'स', 'श', 'फ' अशी अक्षरं निसटायला लागतात आणि आपण सारखे "काय? काय म्हणालास?" करायला लागतो. काहींच्या कानात कायमची शिट्टी वाजते. एफएलएसी आणि एमपीथ्रीवर वाद घालणाऱ्याला चार किलोहर्ट्झच ऐकू येत नसेल, तर वाद कशाचा?

हॉस्टेलवर धोका कुठं आहे, तो गाणं ऐकण्यात कमी आणि गोंगाट दाबण्यात जास्त. विंगेत कोणाचा तरी स्पीकर चालू, म्हणून आपण इअरफोनचा आवाज वाढवतो. गावी जाताना एसटीचं इंजिन, खिडक्यांचा खडखडाट, की पुन्हा वाढवतो. मग शांत खोलीत आल्यावर तो खाली आणायला विसरतो. उपाय अवघड नाहीत. आवाज नेहमी शांत जागी ठरवा आणि गोंगाटात त्याच्यावर नेऊ नका. ऐकू येत नसेल तर घट्ट बसणारे किंवा बाहेरचा आवाज कापणारे इअरफोन वापरा, नाहीतर गाणं बंद ठेवा. आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली असू द्या. रस्त्यावर मात्र कान मोकळे ठेवा. झोपताना टायमर लावा. बऱ्याच फोन-प्लेअरमध्ये कमाल आवाज ठरवायची सोय असते, ती सेटिंगमध्ये कुठंतरी खोल दडलेली असते, शोधून काढा.

एक मागणी रेक्टर सरांकडे आणि हॉस्टेल समितीकडेही. आरोग्य तपासणीत वजन, रक्तगट, डोळे बघितले जातात. कानांची तपासणीही त्यात घ्या. ऑडिओमेट्री ही काही मोठी शस्त्रक्रिया नाही. हेडफोन लावून बीप ऐकायचा आणि बटण दाबायचं, काही मिनिटांचं काम. पहिल्या वर्षाला एकदा आणि शेवटच्या वर्षाला एकदा आलेख काढला तर चार वर्षांत आपण काय कमावलं यासोबत काय घालवलं तेही कळेल.

तोवर एवढं करा. हा अंक खाली ठेवला की आपला प्लेअर किंवा फोन उघडा आणि कमाल आवाजाची मर्यादा आजच लावून टाका. पहिले दोन-तीन दिवस गाणं जरा मिळमिळीत वाटेल, कारण मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज ही सवय लागलेली असते. मग हळूहळू मागचा तानपुरा ऐकू यायला लागेल, टाळ वेगळे कळायला लागतील. त्यासाठीच तर प्लेअर घेतला होता ना?