कॅटेगरी वन तर आहे!

ह्यूस्टनमधल्या आपल्या मराठी मंडळींची हरिकेनची तयारी म्हणजे काय? वादळ गल्फमध्ये शिरल्याची बातमी आली की कॉस्टको गाठायचं, पाण्याच्या बाटल्या उचलायच्या, गाडीची टाकी भरायची आणि ग्रुपवर विचारायचं, कॅटेगरी किती? वन? मग काय, "वन तर आहे!"

माझ्या मते हा आकडाच आपला घात करतो. तो फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाऊस किती पडेल, पाणी कुठवर चढेल, वीज किती दिवस जाईल, यातलं काहीच त्यात नाही. २०१७ मध्ये हार्वी रॉकपोर्टजवळ धडकलं तेव्हा कॅटेगरी चार होतं खरं, पण ह्यूस्टन बुडालं ते त्याचा वारा मंदावल्यावर. परिसरात काही ठिकाणी ४० इंचांहून जास्त पाऊस झाला. आणि ८ जुलै २०२४ चं बेरिल? कॅटेगरी वनच! २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची आठवडाभर आली नाही. वारा थांबल्यावर नुसत्या उकाड्यानेही माणसं दगावली.

आता घरातला प्रश्न. आई-बाबा इकडे येतात कधी? मे-जूनमध्ये, सहा महिन्यांसाठी. हरिकेनचा सीझन कधी? १ जून ते ३० नोव्हेंबर. म्हणजे आपण सत्तरीच्या माणसांना बरोब्बर मुहूर्त काढून बोलावतो. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतात, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. वर बाबा म्हणणार, "आम्ही २००५ चा २६ जुलै काढलाय, हे काय घेऊन बसलास!" बाबा, काढलात खरा, पण तिथे वरच्या मजल्यावरचे काका चहा घेऊन आले होते. इथे एसी बंद पडलेल्या घरात दोन दिवस कुणी डोकावणारही नाही.

ऑफिसात आपण डिझास्टर रिकव्हरीवर तासन्‌तास मीटिंगा झोडतो. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप हा बॅकअप नव्हेच, हे ज्युनियरला ऐकवतो. मग घराचं काय? माझा आग्रह असा की मे महिन्यातल्या एका शनिवारी घराचा मेन ब्रेकर चार तास बंद करा. काय काय अडतं ते आपोआप कळेल. गॅरेजचं दार उघडत नाही, त्याची लाल दोरी कुठली हे आईला माहीत नाही, इलेक्ट्रिक शेगडीवर चहा होत नाही (हा खरा डिझास्टर!), इन्सुलिनसाठी बर्फाची पेटी नाही. जनरेटर असेल तर तो घराबाहेर, निदान वीस फूट लांब ठेवायचा. गॅरेजमध्ये अजिबात नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतर दरवेळी त्याने बळी जातात.

दुसरी गोष्ट पैशाची. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. पुराचा विमा वेगळा, आणि सरकारी योजनेतला साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. टीव्हीवर वादळ दिसल्यावर फोन करून उपयोग शून्य. "आमचं घर फ्लड झोनमध्ये नाही" हेही पुरेसं नाही. हार्वीत बुडालेली बरीचशी घरं त्या झोनबाहेरचीच होती.

काही मित्र म्हणतात, एवढं कशाला, सरळ डॅलसला निघू. २००५ मध्ये रीटाच्या वेळी लाखो लोक असेच एकदम निघाले आणि टेक्सासमध्ये वादळापेक्षा त्या स्थलांतरातच जास्त माणसं गेली. किनाऱ्याजवळ राहत असाल आणि हुकूम आला तर निघायलाच हवं, तेही लवकर. बाकीच्यांनी आपला झोन आजच बघून ठेवावा. वीज गेली तर आई-बाबांना कुणाकडे नेायचं, हेही त्या घरी आधीच बोलून ठेवावं. ऐनवेळी "येऊ का?" विचारायला आपल्याला संकोच होतो, म्हणून.

पाण्याच्या बाटल्या घ्याच, माणशी रोज एक गॅलन या हिशोबाने. पण बाटल्या आदल्या दिवशीसुद्धा मिळू शकतात. विमा, सराव आणि हक्काने दार ठोठावता येईल असं एक घर, हे मात्र आकाश निरभ्र असतानाच जमवावं लागतं.